सीबीटी म्हणजे काय, आणि मराठवाड्यात त्यासाठी योग्य माणूस कसा शोधायचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सीबीटी घ्या' एवढंच लिहून दिलं, किंवा पुण्यात शिकणारी पुतणी फोनवर म्हणाली, "काका, गोळ्या चालू ठेवा, पण थेरपीही घ्या." पुढं कुठं जायचं, कुणाला विचारायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. अशा माणसासाठी हे लिहिते आहे. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारा, बोलण्यातून होणारा उपचार. परभणी, हिंगोली, धाराशिवला राहून हा उपचार मिळतो का? मिळतो. पण पाटी बघून आत शिरलो आणि मिळाला, असं होत नाही. चौकशी करावी लागते, आणि काय विचारायचं हे आधी माहीत असावं लागतं.

माझं सांगणं थोडक्यात असं: डोक्यात आलेला विचार पुरावा बघितल्याशिवाय खरा मानू नका, हे सीबीटी शिकवते. उपचारक निवडतानाही तोच नियम लावा. पदवी, नोंदणी, काम करण्याची पद्धत, सगळ्याचा पुरावा मागा. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. दवाखान्यात प्रश्न विचारायची सवय आपल्याकडे नाही. पण इथं तो तुमचा हक्क आहे.

त्याआधी, जिवाला धोका असेल तर

मरणाचे विचार येत असतील, घरातलं कुणी 'आता मी नसलेलंच बरं' असं बोलत असेल, आवराआवर करत असेल, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. कुणी काही घेतलं असेल किंवा स्वतःला इजा केली असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा. भावकीत, शेजारी, कुणाच्या तरी कुलपात ठेवा. त्या टोकाची घडी बहुतेक वेळा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात विष हाताशी नसलं तर माणूस वाचू शकतो. 'तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का?' असं सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन कल्पना जात नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे, एवढ्यानंच बोलायला तोंड फुटतं.

आणखी एक भीती लोकांच्या मनात असते, ती पोलीस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

पहिली पायरी: हा उपचार चालतो कसा, ते समजून घ्या

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ॲरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९२१ साली जन्मले, शंभरी गाठून २०२१ मध्ये गेले. त्यांचं शिक्षण मनोविश्लेषणाचं, म्हणजे दडलेल्या इच्छा आणि लहानपण खणत जाण्याचं. त्या शास्त्रात असं मानलं जाई की नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग. बेक यांनी ते तपासायला रुग्णांची स्वप्नं अभ्यासली. अपेक्षेइतका राग त्यांना सापडला नाही. हरणं, गमावणं, नाकारलं जाणं हेच पुन्हा पुन्हा दिसलं. रुग्ण जागेपणीही स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल तसाच विचार करत होते, आणि तो विचार इतक्या झटकन येऊन जाई की त्यांना स्वतःलाही तो पकडता येत नसे. १९६० च्या दशकात बेक यांनी त्यावर उपचार बांधला. १९७७ मध्ये नैराश्यावरच्या गोळीशी त्याची तुलना झाली, त्यात तो मागे पडला नाही. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी जवळच्याच वाटेवरची विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती. ती महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. त्यामुळे मराठी समुपदेशकाच्या तोंडी 'आरईबीटी' हे नाव आलं तर बिचकू नका, ते याच घराण्यातलं आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणातून बघू. समजा, जिंतूर तालुक्यातला एक शेतकरी. दुबार पेरणी झाली, सोयाबीनला भाव नाही, पीककर्ज थकलं. दुपारी बँकेतून फोन येतो. तो उचलत नाही. छाती धडधडते, हातपाय गळून जातात, आणि डोक्यात एकच येतं: 'संपलं सगळं. आता गावात तोंड दाखवायची सोय नाही.' मग तो बाहेर पडणं सोडतो. पारावर जात नाही, लग्नाला जात नाही, शेताकडं फिरकत नाही. चार दिवसांनी लोक विचारतात, 'दिसत नाही हो आजकाल?' आणि त्याला वाटतं, बघा, सगळीकडं कळलंय.

सीबीटीचा उपचारक या गुंत्याचे चार धागे वेगळे करतो: घडलं काय, मनात काय आलं, अंगात आणि भावनेत काय झालं, आणि नंतर माणूस काय वागला. मग वहीत ते लिहायला लावतो. 'तोंड दाखवायची सोय नाही' यावर तुमचा विश्वास शंभरात किती? ऐंशी. बरं, याच्या बाजूनं पुरावा काय? हप्ता थकलाय, हे खरं. विरुद्ध काय? गावात आणखी कुणाकुणाचं थकलंय? त्यांच्याशी तुम्ही बोलणं तोडलंय का? मागं एकदा कर्जाचं पुनर्गठन झालं होतं ना? बँकेच्या फोनवर नेमकं काय म्हणायचं होतं, ते ऐकलंय का? या प्रश्नांतून माणूस एका वेगळ्या वाक्यावर येतो: 'हप्ता थकलाय, भीतीही वाटतेय, पण गाव माझ्याकडं पाठ फिरवून बसलंय याला पुरावा नाही, आणि बँकेत काय म्हणतात ते मला अजून माहीतच नाही.' विश्वास ऐंशीवरून पंचेचाळीसवर येतो. तेवढा उतार पुरतो, कारण आता तो बँकेत जाऊ शकतो.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कर्ज खरं आहे. पाऊस न पडणं खरं आहे. 'सकारात्मक विचार करा, सगळं चांगलं होईल' असं त्या शेतकऱ्याला सांगणारा माणूस सीबीटी करत नाहीये, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. खऱ्या अडचणीसाठी या उपचारात समस्या सोडवण्याचं वेगळं तंत्र आहे: अडचण नेमकी लिहायची, वाटा काढायच्या, एक निवडायची, करून बघायची. विचार तपासायचे ते यासाठी की अडचणीवर चढलेली भीतीची फुगवट उतरावी आणि हातात असलेलं काम सुचावं. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

नावातलं दुसरं अक्षर वर्तनाचं आहे, आणि जीव फार खचलेला असेल तर सुरुवात तिथूनच होते. नैराश्यात माणूस वाट बघतो की बरं वाटलं की उठेन. उपचारक उलटं सांगतो: आधी थोडं उठा, बरं वाटणं मागून येईल. सकाळी सातला अंगणापर्यंत जायचं, दुपारी जनावरांना पाणी दाखवायचं, संध्याकाळी एका माणसाशी दहा मिनिटं बोलायचं. करायच्या आधी आणि नंतर मन कसं होतं, त्याला दहापैकी गुण द्यायचे. किरकोळ वाटतं, पण यामागं भक्कम अभ्यास आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तंत्रावर एक कार्यक्रम चालवला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना फायदा झाला आणि तो अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. हे शहरातल्या शिकलेल्यांचं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण सांगा.

भीतीच्या आजारात आणखी एक काम असतं: टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जाणं. पॅनिकचा त्रास असलेल्या माणसाला धडधड झाली की 'अटॅक येतोय' वाटतं. त्या भीतीनं धडधड वाढते, ती वाढल्यानं भीती आणखी वाढते. ईसीजी नीट, टूडी इको नीट, तरी महिन्यातून एकदा सलाईन लावून घेणारे लोक तुम्ही पाहिले असतील. उपचारक अशा माणसाला मुद्दाम जागेवर पळायला लावून धडधड आणून दाखवतो, आणि काही होत नाही हे त्याचं त्यालाच अनुभवू देतो. हे घरच्या घरी आपल्या मनानं करायचं नाही. आधी डॉक्टरांनी हृदय तपासून दिलेलं हवं.

दुसरी पायरी: मला हे लागू आहे का?

सौम्य आणि मध्यम नैराश्य, सततची काळजी, पॅनिक, लोकांत जायची भीती, अपघात-अत्याचारानंतरचा धक्का, जुनी निद्रानाशाची तक्रार, हात धुणं-कडी तपासणं असल्या मंत्रचळेपणाचा आजार, यांवर सीबीटीचा चांगला अनुभव आहे. मंत्रचळेपणासाठी मात्र तिचा एक विशिष्ट प्रकार लागतो, त्याला ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: भीतीला सामोरं जायचं, पण धुणं-तपासणं रोखायचं) म्हणतात. विचारताना तेच नाव घ्या.

कानात आवाज येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं पक्कं वाटणं, दिवसचे दिवस झोपेशिवाय भन्नाट उत्साहात असणं, खाणंपिणं सुटणं, बाळंतपणानंतर आईचं वागणं एकदम बदलणं: इथं आधी मनोविकारतज्ज्ञ, आधी औषध. थेरपी नंतर जोडीला येते. रोज दारू पिणाऱ्यानं ती एकाएकी घरीच तोडू नये. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं यांतून जीव जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा.

थकवा, उदासी, विसरभोळेपणा यांमागं थायरॉईड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं हेही असू शकतं. आपल्या भागातल्या बायकांत रक्त कमी असणं इतकं आढळतं की ही साधी तपासणी आधी करून घ्यावी असं मी प्रत्येकीला सांगते.

आणि देवाधर्माबद्दल. घरातले बाहेरचं काही आहे म्हणत असतील, दर्ग्यावर किंवा एखाद्या ठाण्यावर न्यायचं म्हणत असतील, तर भांडण मांडू नका. नवस बोलायचा असेल तर बोलू द्या, पण उपचार त्यासाठी थांबवू नका, आणि मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं काही झालं तरी होऊ देऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरलेला आहे.

तिसरी पायरी: कोण कोण असतं, आणि पुरावा कुठं बघायचा

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. इथं सांगितलेल्या तिघांत औषध हेच देऊ शकतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते औषध देत नाहीत. थेरपी आणि मानसशास्त्रीय चाचण्या करतात. मानसशास्त्रात एमए झाल्यावर रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचं एमफिल, हा आजवरचा मुख्य रस्ता. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं हवी. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून तपासता येतं. नोंदणीला मुदत असते, तिचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून ती चालू आहे ना, तेही बघा.

समुपदेशकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त जपावं लागतं. मानसशास्त्रात एमए करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले फार चांगले समुपदेशक आपल्या भागात आहेत. आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून पाटी लावलेलेही आहेत. दोघांच्या पाटीवर एकच शब्द असतो. म्हणून इथं पदवी कुठली, सीबीटी कुठं शिकलात, किती काळ, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारल्याशिवाय राहू नका. नावापुढचं 'डॉ.' हे पीएचडीचं असू शकतं, होमिओपॅथीचं असू शकतं, तेही विचारा.

मनोविकारतज्ज्ञ स्वतः सीबीटी करतीलच असं नाही. ओपीडीत शंभर माणसं बसलेली असताना त्यांच्याकडं पाऊण तास नसतो. तो त्यांचा दोष समजू नका. 'थेरपीसाठी कुणाकडं पाठवाल?' असं विचारा.

चौथी पायरी: मराठवाड्यात शोध कुठून सुरू करायचा

सरकारी दवाखान्यापासून. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था, या ठिकाणी मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथंही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात आणि ही मंडळी ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही जातात. पद मंजूर आहे म्हणजे भरलेलं असेलच असं नाही, म्हणून गावाहून निघण्याआधी फोन करून विचारा: 'मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात? ते थेरपी देतात की फक्त चाचण्या करतात?'

आपल्या आशाताईला विचारा. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर राज्य सरकारनं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात मराठवाड्यातल्या आशाताईंना खचलेली माणसं ओळखून पुढं पाठवायचं शिकवलेलं आहे. तिच्यापाशी मन मोकळं करायचं नसेल तरी कुठं जायचं हे ती सांगेल. टेलिमानसवरही तुमच्या जिल्ह्यातली सोय विचारता येते.

खासगीत मानसशास्त्रज्ञ मुख्यतः संभाजीनगर, लातूर, नांदेडला आहेत. लातूरला कोचिंगमुळं विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाच्या पाट्या बऱ्याच दिसतात. तिथं पालकांना माझी विनंती आहे: बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे, हस्ताक्षर बदलून स्वभाव बदलणारे, एका संमोहनात परीक्षेची भीती घालवणारे, यांच्यासाठी पैसे मोडू नका. मुलगा जेवत नाही, झोपत नाही, सराव परीक्षेला जायचं टाळतो, तर त्याला नोंदणी असलेल्या माणसाकडं न्या, आणि 'मार्क वाढवा' ही मागणी बाहेर ठेवून न्या.

ओळखीच्या शहरात नकोच, कुणी बघेल, असं वाटतं. बघतातच. छोट्या गावातून आलेल्या माणसाला तो ताण खरा असतो. शेजारच्या जिल्ह्यातला उपचारक किंवा ऑनलाइन भेट हा त्यावर चालणारा मार्ग आहे. ऑनलाइनसाठी दोन गोष्टी बघा: रेंज आणि एकांत. दोन खोल्यांच्या घरात सासू शेजारी बसलेली असताना कुणी मनातलं बोलू शकत नाही. शेतातल्या आखाड्यावर, शाळेच्या रिकाम्या वर्गात, एखाद्या मैत्रिणीच्या घरी, कानात इअरफोन घालून बसा. उपचारकाला तुमचा खरा पत्ता आणि घरच्या एकाचा क्रमांक द्या. तो त्यानं स्वतःहून मागितला तर चांगली खूण समजा.

पाचवी पायरी: फोन लावा

पहिला फोन जड जातो, म्हणून शब्दच देते. "नमस्कार. मला चार महिन्यांपासून झोप लागत नाही, सारखी काळजी वाटते. डॉक्टरांनी सीबीटी सुचवली आहे. तुम्ही ती देता का? तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय आहे? माझ्यासारख्या त्रासात साधारण किती भेटी लागतात? एका भेटीचे किती? मराठीतून बोलता येईल ना?" एवढं पुरे. सगळी कहाणी फोनवर सांगायची गरज नाही.

उत्तर कसं येतं, ते ऐका. खरा उपचारक साधारण असं काहीतरी म्हणेल: आठवड्याला एक भेट, पाऊण ते एक तासाची, पहिली एक-दोन माहिती घेण्यात जातील, मग काय साधायचं ते दोघं मिळून ठरवू, बारा ते वीस भेटींच्या आसपास बघू, घरी करायला काम देईन. 'तीन सिटिंगमध्ये मुळासकट बरं करतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा. सगळे पैसे आगाऊ मागणारा, गोळ्या बंद करा असं सांगणारा बिगरडॉक्टर, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, तुमची जात किंवा घराणं यावरून शेरा मारणारा, बाईला एकटीला अवेळी बोलावणारा, यांच्याकडं परत जायचं नाही. बाईला बाईच उपचारक हवी असेल तर तसं मोकळेपणानं सांगावं.

सहावी पायरी: पहिल्या काही भेटी

जाताना चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट, आणि एका कागदावर तीन-चार ओळी: त्रास कधीपासून, कशानं वाढतो, त्यामुळं काय करणं बंद झालं. एक दोनशे पानी वही घ्या, ती उपचार संपेपर्यंत लागेल.

गुप्ततेचा नियम पहिल्याच भेटीत विचारा. कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवावंच लागतं. बाकी तुमच्या नवऱ्याला, सासऱ्याला, बाहेर बसलेल्या भावाला ते सांगू शकत नाहीत. सोबत आलेल्यांना थोडा वेळ आत घ्या, मग बाहेर बसवा.

चांगल्या भेटीला एक आकार असतो. गेला आठवडा कसा गेला, वहीत काय लिहिलं, आज कशावर बोलायचं, मग त्यावर काम, शेवटी पुढच्या आठवड्याचं गृहकाम. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा, किंवा कागदावर नुसत्या खुणा करा. उपचारकानं तुमच्या सोयीनं काम बदलून द्यायला हवं. सोयाबीनच्या राशीचे दिवस असतील, ऊसतोडीला जायचं असेल, तर तसं आधीच सांगा. ऊसतोड कामगार सहा-सहा महिने जिल्ह्याबाहेर असतात. अशा वेळी जाण्यापूर्वीच्या काही भेटी आणि नंतर फोनवर, अशी आखणी करता येते.

पहिल्या भेटींत कधी कधी जास्तच जड वाटतं, कारण इतके दिवस दाबलेलं वर येतं. ते त्यांना सांगा. प्रगती मोजायलाही सांगा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, शून्य ते सत्तावीस गुणांची. सुरुवातीला आणि मग दर काही भेटींनी भरली की आपण कुठं आहोत ते कळतं. सहा भेटींनंतरही आकडा तसाच, झोप तशीच, टाळाटाळ तशीच असेल, तर 'मला फरक पडत नाहीये, आपण काय बदलू या?' असं विचारा. यावर चिडणारा उपचारक सोडून द्या. विचारात पडणारा, नवीन काही सुचवणारा किंवा स्वतःहून दुसऱ्याकडं पाठवणारा माणूस कामाचा आहे.

पैसे आणि प्रवास

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची व्यवस्था वेगळी आहे, तिथं केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. खासगीत एका भेटीचे काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत घेतात. सवलत आहे का, पंधरा दिवसांनी आलं तर चालेल का, हे विचारण्यात कमीपणा नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच स्थान द्यावं असं कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळं थेरपीचा खर्च खिशातून धरा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. दर आठवड्याच्या फेरीत त्याचा फरक पडतो.

दरम्यान मराठीतून ऐकायचं असेल तर ठाण्याच्या आयपीएच संस्थेची 'आवाहन' ही यूट्यूब वाहिनी आहे. तिथं मनोविकारतज्ज्ञ मराठीत नीट समजावून सांगतात. ते ऐकून काय विचारायचं ते तयार होतं, उपचार मात्र समोरच्या माणसाबरोबरच करायचा.

भेटी संपत आल्या की उपचारक त्या हळूहळू लांबवतो: पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. शेवटच्या दोन भेटींत त्रास पुन्हा डोकं वर काढेल तेव्हाच्या खुणा लिहून घ्या. झोप तुटणं, फोन न उचलणं, पारावर जाणं बंद होणं, ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. त्याखाली तुम्हाला उपयोगी पडलेली दोन-तीन कामं लिहा, आणि कितव्या दिवशी कुणाला फोन करायचा तेही. त्या पानाची एक प्रत घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडं द्या, कारण पहिली खूण बहुधा त्यालाच आधी दिसते.